निर्णयात आपला वाटा : स्वयंसेवी संगणक प्रकल्पांतून एक पाठ

सॉफ्टवेअर म्हटले की मोठी कंपनी, पगारी अभियंते आणि विकत घ्यायचे परवाने एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण जगातील पुष्कळसे महत्त्वाचे सॉफ्टवेअर निराळ्या रीतीने तयार होते. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ते घडविणाऱ्यांत पगारी माणसे असतात, तसे हजारो स्वयंसेवकही असतात. कोणी आज्ञावली लिहितो, कोणी चुका शोधतो, कोणी मदतपुस्तिका तयार करतो, तर कोणी पडद्यावरचे शब्द मराठीत आणतो.

ही माणसे वेगवेगळ्या देशांत राहतात. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. अशा मंडळींत एखादा बदल करायचा की नाही हे ठरवायचे कोणी? या प्रश्नावरून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अनेकदा मोठे वाद झाले आहेत. "आम्ही रात्री जागून काम करतो, पण ठरवताना आम्हाला कोणी विचारत नाही" ही तक्रार तेथे वारंवार ऐकू येते. हीच तक्रार गणेशोत्सवाच्या मंडळात, वाचनालयाच्या समितीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही ऐकू येते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा, अशी विनंती आहे.

स्वयंसेवकाला काय मिळते?

पगारी माणसाला न पटलेला निर्णयही पाळावा लागतो. महिन्याच्या शेवटी त्याला त्याचा मोबदला मिळतो. स्वयंसेवकाला मोबदला मिळतो तो आपुलकीचा, शिकण्याचा आणि "हे काम आपले आहे" या भावनेचा. निर्णयाच्या वेळी त्याला बाजूला ठेवले, तर हा मोबदलाच काढून घेतल्यासारखे होते.

असा माणूस सहसा भांडत नाही. तो पहिल्यांदा थोडा कमी बोलतो, मग एखाद्या कामाला "वेळ नाही" म्हणतो आणि एके दिवशी यायचा थांबतो. त्याने राजीनामा दिलेला नसतो, त्यामुळे तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. स्वयंसेवी संस्थेचे सर्वांत मोठे नुकसान अशा मुकाट्याने जाणाऱ्यांमुळे होते.

उबुंटूची तीन बटणे

उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली 2004 साली सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ हे तिचे संस्थापक. त्यांची कॅनॉनिकल ही कंपनी पैसा आणि पगारी माणसे पुरवते, पण भाषांतर, चाचणी आणि नवख्यांना मदत अशी कितीतरी कामे स्वयंसेवक करत आले आहेत.

एप्रिल 2010 मध्ये उबुंटूची 10.04 ही आवृत्ती यायची होती. तिच्या तयारीत खिडकी लहान करणे, मोठी करणे आणि बंद करणे यांची तीन बटणे उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात नेण्यात आली. बदल तसा लहान, पण रोज शंभरदा हात जाणारी जागा बदलली. लोकांनी हरकती नोंदवल्या. त्यातील मुख्य प्रश्न बटणांपलीकडचा होता. आपण सगळे मिळून उबुंटू बनवतो असे म्हणता, मग असा निर्णय आम्हाला न विचारता कसा झाला, असे लोक विचारत होते.

शटलवर्थ यांनी मार्च 2010 मध्ये सरळ उत्तर दिले. त्याचा आशय असा, की ही लोकशाही नाही, रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत. चांगल्या सूचना आणि आधारासह दिलेली माहिती यांचे स्वागत आहे. प्रत्येक कामासाठी त्या त्या विषयाचे पथक असते आणि त्या विषयाचा निर्णय ते पथक घेते.

या उत्तरात तथ्य होते. घराची भिंत कोठे घ्यायची हे गल्लीने मतदान करून ठरवत नाहीत, जाणत्या गवंड्याला विचारतात. तरीही पुष्कळांना हे उत्तर लागले. कारण निर्णय कोणाच्या हाती आहे हे त्यांना वाद पेटल्यानंतर कळले. आधी कळले असते तर कदाचित बदल आवडला नसता, पण फसवल्यासारखे वाटले नसते. पुढे ऑक्टोबर 2017 मध्ये आलेल्या 17.10 या आवृत्तीत ती बटणे पुन्हा उजवीकडे आली.

ऐकणे आणि मानणे

येथे आपण एक महत्त्वाचा फरक समजून घेऊ. आपले म्हणणे ऐकले जाणे ही एक गोष्ट आणि आपल्या म्हणण्याप्रमाणे होणे ही दुसरी गोष्ट. वगळले गेल्याचे दुःख बहुतेक वेळा पहिली गोष्ट न घडल्याचे असते.

मानसशास्त्रज्ञ जॉन थिबॉ आणि कायद्याचे अभ्यासक लॉरेन्स वॉकर यांनी 1975 साली यावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी लुटुपुटीच्या खटल्यांचे प्रयोग केले होते. ज्यांना आपली बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली, त्यांना निकाल विरुद्ध लागूनही पद्धत अधिक न्याय्य वाटली. ॲलन लिंड आणि सहकाऱ्यांनी 1990 साली याच्या पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. निर्णयापूर्वी ज्यांचे मत ऐकले त्यांना पद्धत सर्वांत न्याय्य वाटली, निर्णयानंतर ज्यांना बोलू दिले त्यांना त्याहून कमी, आणि ज्यांना बोलूच दिले नाही त्यांना सर्वांत कमी.

म्हणजे सर्वांचे समाधान करता आले नाही तरी सर्वांचे ऐकता येते, आणि ते वेळेवर ऐकावे लागते.

"आमच्याकडे सगळे समान आहेत"

काही गट अभिमानाने सांगतात, की आमच्यात अध्यक्ष नाही, नियम नाहीत, सगळे समान आहेत. ऐकायला हे छान वाटते. अमेरिकेतील लेखिका जो फ्रीमन यांनी स्त्रियांच्या चळवळीतील अनुभवावरून 1970 च्या सुमारास याची दुसरी बाजू दाखवली. नियम लिहिलेले नसले म्हणजे सत्ता नाहीशी होत नाही. ती एकमेकांचे मित्र असलेल्या चार-पाच जणांकडे जाते, आणि ते चार-पाच जण कोण हे नवीन माणसाला कळत नाही.

सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत असेच घडते. दोघे एकाच कार्यालयात काम करतात, दुपारच्या जेवणात विषय निघतो आणि तेथेच ठरून जाते. दुसऱ्या देशातला स्वयंसेवक त्या वेळी झोपलेला असतो. चर्चा इंग्रजीत भराभर चालते, तेव्हा ज्याचे इंग्रजी बेताचे आहे तो वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही, पण परिणाम वगळण्याचाच होतो.

डेबियनची लेखी घटना

डेबियन हा प्रकल्प इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ऑगस्ट 1993 मध्ये सुरू केला. आरंभीच्या काळात प्रमुख माणसे परस्पर ठरवत. सभासद वाढले तसे हे पुरेना. डिसेंबर 1998 मध्ये प्रकल्पाने आपली लेखी घटना स्वीकारली. एखाद्या न्यासाची घटना असते तशीच ही आहे. प्रकल्पप्रमुख एका वर्षासाठी मतदानाने निवडायचा, तांत्रिक वादांसाठी समिती नेमायची, आणि सभासदांनी ठराव मांडून मतदान केले तर प्रमुखाचा निर्णयही फिरवता येईल, असे तिच्यात लिहिले आहे.

मतदानाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. सभासद एकाच पर्यायावर खूण करत नाहीत, सर्व पर्यायांना पसंतीचा क्रम देतात. मग प्रत्येक दोन पर्यायांची जोडी लावून तुलना होते. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. एक उदाहरण घेऊ.

तीस मुलांच्या वर्गाची सहल ठरवायची आहे. पर्याय तीन : पावागड, अहमदाबादची सायन्स सिटी आणि दांडीचा समुद्रकिनारा. 12 मुलांचा क्रम पावागड, सायन्स सिटी, दांडी असा आहे. 10 मुलांचा क्रम दांडी, सायन्स सिटी, पावागड असा आहे. उरलेल्या 8 मुलांचा क्रम सायन्स सिटी, दांडी, पावागड असा आहे. नुसते हात वर करायला सांगितले तर पावागड 12 मतांनी जिंकेल आणि 18 मुले नाराज होतील. आता जोड्या लावून पाहू. सायन्स सिटी की पावागड? 18 विरुद्ध 12. सायन्स सिटी की दांडी? 20 विरुद्ध 10. सायन्स सिटी दोन्ही जोड्यांत जिंकते. पावागड तर दोन्ही जोड्यांत हरतो. मुले तीच आणि त्यांची आवडही तीच, फक्त विचारण्याची रीत बदलली आणि निकाल बदलला.

डेबियनच्या मतपत्रिकेवर आणखी एक पर्याय नेहमी असतो : यांतले काहीच मान्य नाही, विषय पुन्हा चर्चेला घ्या, अशा अर्थाचा. त्यामुळे नको असलेल्या दोन पर्यायांतून एक निवडण्याची सक्ती होत नाही.

मत कोणाला?

घटना झाली तरी एक प्रश्न उरला. मताचा अधिकार फक्त सभासदांना होता, आणि सभासद होण्याची वाट मुख्यतः सॉफ्टवेअरची बांधणी करणाऱ्यांसाठी होती. भाषांतर करणारे, मदतपुस्तिका लिहिणारे, संकेतस्थळ सांभाळणारे वर्षानुवर्षे राबत, पण मत मिळण्याची सोपी वाट त्यांना नव्हती. ऑक्टोबर 2010 मध्ये प्रकल्पाने मतदान घेऊन ठरवले, की अशी कामे करणाऱ्यांनाही सभासद म्हणून सामावून घ्यावे. सॉफ्टवेअर चढवण्याची मुभा त्यांना नसली तरी मत बरोबरीचे.

हा ठराव आम्हाला फार बोलका वाटतो. आपल्याकडेही मंचावर बोलणारा दिसतो. सतरंज्या घालणारा, पावती फाडणारा आणि स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या भगिनी मात्र सभासदांच्या यादीत आहेत की नाहीत, हे कोणी पाहत नाही.

नियम असूनही फूट

लेखी घटनेने सर्व दुखणी बरी होतात असे मात्र नाही. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी आणि बाकीच्यांना चालू करणारी एक आज्ञावली असते. डेबियनने तिच्यासाठी 'सिस्टिमडी' ही नवी आज्ञावली घ्यावी की नाही, यावर 2013 च्या अखेरीस तीव्र वाद झाला. तांत्रिक समितीचे आठ सदस्य होते. फेब्रुवारी 2014 मध्ये मते चार विरुद्ध चार पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली.

नियम पाळले गेले होते, तरी जखम भरली नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये त्याच विषयाच्या एका भागावर सर्व सभासदांचे मतदान झाले. या प्रश्नावर ठरावाची गरजच नाही, हा पर्याय जिंकला. त्या एका महिन्यात समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले. काही नाराज मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि 'डेव्हुआन' नावाचा स्वतंत्र प्रकल्प जाहीर केला. त्याची पहिली पक्की आवृत्ती मे 2017 मध्ये आली.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अशी वेगळी चूल मांडायला परवाना मुभा देतो. मूळ आज्ञावली सोबत नेता येते, कोणाचे काही हिरावले जात नाही. शाळेचे तसे नाही. शाळा फुटली तर इमारत, शिक्षक आणि मुले यांच्या दोन प्रती होत नाहीत. म्हणून संस्थेत तर अधिकच जपायला हवे.

डेबियनने यातून काही धडे घेतले. डिसेंबर 2014 मध्ये समितीच्या सदस्यांच्या कार्यकाळाला मर्यादा घातली, म्हणजे तीच माणसे वर्षानुवर्षे बसून राहणार नाहीत. पूर्वी सर्वसाधारण ठरावावर कोणी कोणते मत दिले हे जाहीर होत असे. मोकळेपणाने मत देताना कोणाला भीती वाटू नये म्हणून 2022 साली ठराव करून ते गुप्त ठेवण्याचे ठरले.

एकाच खांद्यावरचा भार

पायथन ही संगणकाची भाषा अनेक शाळांत शिकवली जाते. ती नेदरलँड्सचे गुइडो व्हॅन रॉसम यांनी घडवली आणि 1991 मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. वाद झाला की शेवटचा शब्द त्यांचा, असे सर्वांनी मानले होते. गमतीने त्यांना 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत.

2018 मध्ये भाषेत एक नवी खूण घ्यावी की नाही यावर मोठी वादावादी झाली. त्यांनी ती मान्य केली, पण तेवढ्यात ते इतके थकले की त्याच जुलैत त्यांनी हा अधिकार सोडला. आपला वारसही नेमला नाही. पुढे कसे चालायचे ते तुम्हीच ठरवा, असे त्यांनी सांगितले. निरनिराळ्या सात योजना मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर 2018 च्या मतदानात पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ ही योजना मान्य झाली. एकाच कंपनीची दोनपेक्षा जास्त माणसे त्यात नसावीत, असाही नियम आहे.

यातून दुसरी बाजूही दिसते. सर्व निर्णय एकट्याने घेणारा माणूस नेहमी सत्तेचा भुकेला असतो असे नाही. पुष्कळदा इतर कोणी पुढे येत नाही म्हणून त्याच्यावर भार साचत जातो. बाहेरच्यांना तो दार अडवून उभा दिसतो, आणि त्याला स्वतःला आपण एकटेच ओझे वाहतो असे वाटते. आपल्या संस्थांमधील जुन्या कार्यकर्त्यांकडे पाहताना तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

तीन साधे उपाय

अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही 1999 साली स्थापन झालेली संस्था. तोंडी ठरलेले ठरले असे तेथे मानत नाहीत. विषय सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी लेखी आला पाहिजे. मतदान साधारणपणे किमान 72 तास खुले ठेवतात, म्हणजे कोठल्याही देशातील आणि नोकरीधंद्यात अडकलेल्या माणसाला वेळ मिळतो.

इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणारी आयईटीएफ ही संघटना तर शक्यतो मतमोजणीच करत नाही. सभेत "हं" असा आवाज काढून कल अजमावतात. एकट्यादुकट्याने हरकत घेतली तर ती मान्यच करावी लागते असे नाही, पण तिचा विचार करून उत्तर द्यावेच लागते. किती जण विरोधात आहेत यापेक्षा त्यांच्या मुद्द्याला उत्तर मिळाले का, हे तेथे पाहतात.

तिसरा उपाय ग्नोम या प्रकल्पाचा. याचे मराठी भाषांतरही स्वयंसेवकांनी केले आहे. नवी आवृत्ती निघण्यापूर्वी एक तारीख ठरते. त्या तारखेनंतर पडद्यावरचा इंग्रजी मजकूर बदलायचा असेल तर भाषांतराच्या पथकाची परवानगी घ्यावी लागते. नाहीतर मराठी भाषांतरकाराची महिन्याची मेहनत ऐनवेळच्या एका बदलाने वाया जायची. ज्याच्या कामावर परिणाम होणार, त्याला आधी विचारणे हे येथे नियमातच बसवले आहे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा टिकते ती देणग्यांवर, आणि त्याहून अधिक माणसांच्या वेळेवर. इथे मुलाला दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत घालणे सोपे असते. तरी जे पालक आपल्याकडे येतात, शनिवार-रविवार देतात, ते गेले तर त्यांच्या जागी दुसरे मिळणे कठीण. म्हणून निर्णयाची वाट स्पष्ट असणे हा आपल्यासाठी शिष्टाचाराचा नव्हे, टिकण्याचा प्रश्न आहे.

विश्वस्त मंडळाला मतदानाविना निर्णय घ्यावे लागतात. कायद्याने जबाबदारी त्यांची आहे, आणि इमारतीची दुरुस्ती किंवा शिक्षकांची नेमणूक हात वर करून ठरवता येत नाही. पण कोणता विषय कोण ठरवणार, सूचना कधीपर्यंत द्यायच्या, आणि शेवटी काय ठरले व का ठरले, या तीन गोष्टी फलकावर लिहिण्याला खर्च येत नाही. "तुमची सूचना अमुक कारणाने घेता आली नाही" हे एक वाक्य माणसाला धरून ठेवते.

ज्याला वगळल्यासारखे वाटते त्याचेही काही कर्तव्य आहे. आपल्याला मुद्दाम टाळले असे धरून चालण्यापूर्वी, हा विषय कोठे आणि कोणाकडे ठरतो, असे विचारावे. हरकत माणसावर न घेता मुद्द्यावर घ्यावी, आणि कारणासह लेखी द्यावी. ऐकून घेऊनही निर्णय विरुद्ध गेला तर तो खिलाडूपणे स्वीकारावा. वारंवार विचारूनही उत्तरच मिळाले नाही, तर मात्र ते सभेत सर्वांसमोर मांडण्यात संकोच नसावा. गुपचूप निघून जाण्यापेक्षा ते संस्थेच्या अधिक हिताचे आहे.

स्वाध्याय

1. उबुंटूच्या बटणांचा निर्णय आणि डेबियनचा 2014 चा निर्णय यांत लोकांच्या नाराजीचे कारण सारखे होते का? तुमचे मत सकारण लिहा.

2. सहलीच्या उदाहरणात दांडी आणि पावागड यांची जोडी लावा. कोण जिंकते आणि किती मतांनी?

3. वर्गातील हस्तलिखिताचा विषय निवडायचा आहे. चार पर्याय घेऊन प्रत्येकाकडून पसंतीचा क्रम लिहून घ्या. आधी फक्त पहिल्या पसंती मोजा, मग जोड्या लावून मोजा. दोन्ही निकालांची तुलना करा.

4. स्नेहसंमेलनाच्या तयारीत काम करणाऱ्या सर्वांची यादी करा, पडद्यामागची माणसे धरून. त्यांपैकी किती जणांना नियोजनाच्या वेळी विचारले गेले होते?

5. पालकांसाठी : या वर्षी शाळेतील कोणत्या निर्णयाबद्दल आपल्याला आधी विचारले जावे असे वाटले? तो विषय आणि आपली सूचना कारणासह एका पानात लिहून कार्यालयात द्यावी.